तीस रुपये

‘पत्र वाचून होताच फाडून टाकणे’ हे वाक्य या पुस्तकातल्या चार पत्रांत आहे. चारही पत्रं आजतागायत शाबूत आहेत, म्हणून तर ती छापता आली. ज्यांना ती आली ते माझे पणजोबा वडीलधाऱ्यांचा शब्द सहसा मोडत नसत. काकांनी जमीन गहाण टाक म्हटलं तर टाकली, सोडव म्हटलं तर सोडवली. पत्रं फाडायची मात्र त्यांनी टाळली आणि बाकीच्या पत्रांसारखीच तारेला लावून टाकली.

तार म्हणजे काय हे आता सांगावं लागेल. लाकडाची एक चकती, तिच्या मधोमध उभी राहिलेली हातभर लोखंडी तार, वरच्या टोकाला आकडी. ती खुंटीला टांगलेली असायची. पत्र आलं, वाचलं, घरात सगळ्यांना ऐकवलं, की तारेत खुपसून खाली सरकवायचं. सर्वांत खालचं पत्र सर्वांत जुनं. तारेवरचा हा क्रम म्हणजेच कालक्रम, आणि ज्या पत्रांवर तिथी-वार काहीच नाही त्यांचं वय शेजारच्या पत्रांवरून ठरवता येतं. तोटा एवढाच, की प्रत्येक पत्राच्या पोटात एक भोक पडतं. कोकणातल्या पावसाळ्यांनी त्या तारेला गंज चढला आणि गंजाने भोकाभोवतीची दोन-चार अक्षरं खाल्ली. पुढे जागोजागी चौकटी कंसात टिंबं दिसतील, ती या भोकांची आहेत. त्यातल्या एका भोकाने आम्हाला दोन वर्षं फसवलं. ती हकीकत पुढे येईलच.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घराच्या माळ्यावरून एकंदर तीनशे अकरा कागद निघाले. त्यांतले एकशे अठरा इथे घेतले आहेत. उरलेले का घेतले नाहीत, तर ते कंटाळवाणे आहेत. जुनी पत्रं म्हटली की वाचकाला वाटतं, आता पुरलेला हंडा निघणार, नाहीतर प्रेमप्रकरण. प्रत्यक्षात निघतं काय, तर भाताचा भाव, बांधावरच्या फणसाचा वाद, कुणाच्या तरी खरजेवरचं औषध आणि कोर्टाची पुढची तारीख. कोकणातल्या घरातल्या जुन्या पत्रात खटल्याचा उल्लेख नसेल तर ते पत्र बनावट समजावं, असं मी गमतीने म्हणत असे. आता गमतीने म्हणत नाही.

मराठी माणसाला दुसऱ्याच्या माळ्यावरचे कागद वाचायची सवय जुनी आहे. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांचं दप्तर वाचून काढलं. वि. का. राजवाड्यांना वाईत १७५० ते १७६१ या काळातली पत्रं मिळाली आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. नाना फडणिसांचं दप्तर मेणवलीच्या वाड्यातून बाहेर आलं. पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड गो. स. सरदेसायांनी काढले. वाण्याच्या पुडीला आणि बंबाच्या जाळाला गेलेलं किती, याचा हिशेब कुणी करू नये. ही मंडळी गावोगाव हिंडली, लोकांच्या संशयी नजरा आणि नकार सोसले आणि लाल रुमालात बांधलेले कागद माणसांत आणले. पण त्यांचं लक्ष पानिपतावर होतं. आपल्याच आत्याचं काय झालं हे शोधायला त्या पिढीला सवड नव्हती, आणि बहुधा तशी इच्छाही नसावी.

घरगुती गुपिताचं आपल्याकडचं सर्वांत प्रसिद्ध पत्र तर कुणाच्या हाती लागलेलंच नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आनंदीबाईंनी गारद्यांना द्यायच्या चिठ्ठीत ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, हे महाराष्ट्रातल्या शाळकरी पोराला माहीत असतं, आणि ‘ध’चा ‘मा’ करणं हा वाक्प्रचारही आपण रोज वापरतो. ती चिठ्ठी मात्र अभ्यासकांपुढे आलेली नाही. न सापडलेल्या कागदावर एका बाईचं नाव अडीचशे वर्षं टांगलेलं आहे. म्हणून मी या पुस्तकात एक नियम पाळला आहे. कागद आहे तेवढंच बोलायचं. भोक आहे तिथे भोक दाखवायचं.

हा नियम मी ठोकर खाऊन शिकलो. पणजोबांचे थोरले काका पुण्यात राहत. त्यांचं शके १८४२च्या माघातलं एक मोडी पत्र आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो असं आपण शाळेत शिकतो. पण पौष ते फाल्गुन बहुतेक पुढच्या इंग्रजी वर्षात पडतात, तिथे ७९ मिळवायचे असतात. म्हणजे हे पत्र १९२१चं. त्यात एक ओळ आम्ही अशी वाचली: ‘तीस रुपये देऊ नयेत.’ पुढे भोक. भोकानंतर, ‘गेली असे सर्वांस सांगितले तेच कायम ठेवणे.’ आम्ही भोकात ‘रक्कम’ हा शब्द बसवला. रक्कम गेली, म्हणजे बुडाली. तीस रुपयांचं कर्ज होतं, सावकार मागत होता, बुडालं असं सांगून हात झटकायचे होते. अर्थ चपखल बसला. मी त्यावर अकरा पानांचं टिपण लिहिलं, त्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या सावकारीविषयी तीन पानं. ते टिपण वाचून नातेवाइकांनी माझं कौतुकही केलं.

पुण्यात मोडीचे वर्ग चालतात. तिथल्या एका गुरुजींना मी ते पत्र अभिमानाने दाखवलं. त्यांनी भिंग लावलं आणि एकच प्रश्न विचारला: “तुमचे काका बाकीच्या पत्रांत रकमा कशा लिहितात?” मी पाहिलं. सगळीकडे अंकात. एकाही पत्रात रक्कम अक्षरी नाही. “मग इथेच अक्षरी का लिहितील?” गुरुजी म्हणाले. “मोडीत ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नसतं. हे तीस म्हणजे ३० नव्हे हो. तीस, म्हणजे तिला.”

तिला रुपये देऊ नयेत. मग भोकात रक्कम नव्हती, माणूस होतं.

आमच्या घरात दर पितृपक्षात महालयाच्या वेळी आजोबा गोत्रासह जी नावं घेत त्यांत ‘पितृभगिनी’ म्हणून एक नाव असे. पणजोबांची धाकटी बहीण. अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली आणि मानमोडीत गेलेली. १९१८च्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडे मानमोडी म्हणत. जूनमध्ये ही साथ मुंबईत आली, पावसाळ्याच्या अखेरीस दुसरी लाट आली, आणि देशात एक कोटीहून अधिक माणसं गेली. कुठे तिरड्यांना बांबू मिळेनात, कुठे खांदा द्यायला माणूस मिळेना. अशा दिवसांत ‘आमची ताई गेली’ म्हटल्यावर कोण विचारणार, कधी आणि कुठे? खोटं खपवायला त्याहून सोयीचं वर्ष गेल्या शतकात दुसरं नसेल.

ती कुठे गेली होती? काकांच्या फाडायला सांगितलेल्या चार पत्रांवरून एवढंच कळतं, की ती पुण्याला शिकायला पळाली, तिने केस वाढवले, आणि काकांच्या दृष्टीने एवढं पुरेसं होतं. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६चा. त्याला साठ वर्षं उलटली होती. महर्षी कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांना वाळीत टाकलं. १८९६ साली त्यांनीच अनाथ बालिकाश्रम काढला. तोही आता बावीस वर्षांचा झाला होता. कायदा होता, आश्रम होता, पुढारी होते. पण आमच्या पणजोबांना चार मुली उजवायच्या होत्या, आणि मुलीला स्थळ सांगून येतं ते कायद्याकडून नाही, शेजारच्या गावाकडून येतं. ‘घटस्फोट’ हा शब्द आज आपण नवरा-बायको वेगळे होण्यासाठी वापरतो. मोल्सवर्थच्या कोशात त्याचा अर्थ निराळा आहे: ज्याला कायमचं तोडायचं त्याच्या नावाने घागर फोडायची. जिवंत माणूस मेला असं मानायचा विधीच आपण करून ठेवला होता. आमच्या घराने घागर फोडायचेही कष्ट घेतले नाहीत. साथीवर भागवलं.

इथवर हे पुस्तक एका क्रूर घराचं पुस्तक झालं असतं. ते तसं राहिलं नाही, कारण दुसऱ्या वर्षी जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात मनिऑर्डरची कुपनं सापडली.

मनिऑर्डर लाभलेल्या पिढीला ठाऊक आहे, इतरांसाठी सांगतो. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा, फॉर्मवर सही घ्यायचा. सही केलेली पोच पाठवणाऱ्याकडे परत जायची, आणि फॉर्मच्या टोकाचा मजकुराचा तुकडा, म्हणजे कुपन, घेणाऱ्याकडे राहायचं. त्या बोटभर जागेत चार ओळी मावतात. १९२४ ते १९३३ या काळातली सत्त्याऐंशी कुपनं आमच्याकडे आहेत. दर कुपनाला पाच रुपये. १९३०च्या वैशाखात एकदाच पंचवीस, ‘चि.च्या मुंजीस’. हे चिरंजीव म्हणजे माझे आजोबा. आत्याच्या पैशांतून ज्यांची मुंज झाली, त्यांनीच पुढे साठ वर्षं तिचं श्राद्ध घातलं. त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या वडिलांना माहीत होतं, आणि तर्पण कसं करायचं ते त्यांनीच मुलाला शिकवलं.

कुपनांवरचं अक्षर बाळबोध, टपोरं, शाळेत गिरवलेलं. मजकूर नेहमी एकच: पगार झाला, पाठवत आहे, वहिनीस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. तक्रार एकाही ओळीत नाही, आणि ‘उत्तर पाठवावे’ असंही कुठे नाही. पाठवणाऱ्याच्या नावात १९२९पर्यंत तिचं सासरचं आडनाव आहे. त्यानंतर आडनाव वेगळं, नाव तेच. तिने लग्न केलं. त्याबद्दल एक अक्षर नाही. पाच रुपये तेवढेच राहिले. आणि आमच्या घराने तेही घेतले.

पणजोबांना काय म्हणावं यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. माझी एक चुलतबहीण म्हणते, काकांचं ऐकून त्यांनी तिच्याकडून पैसे घेणं बंद केलं असतं तर तिला अधिक लागलं असतं. पैसे घेणं हाच त्यांच्यातला उरलेला पत्रव्यवहार होता. मला हे पटत नाही. ज्या बहिणीचे पाच रुपये दर महिन्याला सही करून घ्यायचे, तिला भाद्रपदात तिलोदक द्यायचं, हे मला कुठल्याच बाजूने गोड करून सांगता येत नाही. त्यांनी पत्रं फाडली नाहीत एवढं मात्र मी त्यांच्या खाती जमा धरतो.

या कामात जी गोष्ट मला सर्वांत उशिरा उमगली, ती वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावी. पत्र लिहिणाऱ्याकडे राहत नाही. ते ज्याला लिहिलं त्याच्याकडे राहतं. आपल्या माळ्यावर असतात ती दुसऱ्यांची पत्रं. आपल्या माणसांनी काय लिहिलं ते परक्या घरांत पडलेलं असतं. म्हणजे आपलं घर समजून घ्यायचं तर आपलंच घर उपसून भागत नाही. बायकांच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे. सासुरवाशिणीने आईला लिहिलेलं पत्र तिच्या माहेरच्या तारेला लागतं, आईने तिला लिहिलेलं सासरच्या फडताळात जातं, आणि दोन्ही घरांत ते ‘बायकांचं’ म्हणून आधी जाळलं जातं.

राहिलं तर किती मोलाचं असतं पाहा. आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टरकी शिकत असताना त्यांनी गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात लहानपणी झालेल्या मारहाणीची आठवण स्पष्ट शब्दांत आहे. बायकोला शिकवण्यासाठी जगाशी भांडलेला नवरा, एवढंच चित्र आपल्यापुढे राहिलं असतं. ते चित्र खोटं नाही, पण अर्धं आहे, आणि उरलेलं अर्धं तिच्याच अक्षरात आलं. सावित्रीबाई फुल्यांनी १८५६ साली आजारपणात माहेरी, नायगावला असताना जोतिरावांना पत्र लिहिलं. महार-मांगांसाठी काम करता, जातीने तुम्हाला बाहेर टाकलं आहे, असं भाऊच बहिणीला ऐकवतो, आणि बहीण त्याला काय सुनावते, हे आपल्याला कळतं ते त्या पत्रामुळे. भावाच्या घरात त्या संभाषणाची कुठे नोंद राहिली असती?

आणि जिथे लिहिणारं-वाचणारं कुणीच नव्हतं त्या घरांचं काय, हा प्रश्न मला मोडीच्या वर्गात एका तरुणाने विचारला. त्याचे पणजोबा गिरणीत होते. गावाकडे पैसे जात, कुपनावर मजकूर खोलीतला कुणी लिहून देई, आणि गावात तो पोस्टमन नाहीतर शाळेतलं पोर वाचून दाखवी. लिहिणारा परका, वाचणारा परका. अशा ओळीत गुपित कसं मावणार? त्या घरातली गुपितं ‘समक्ष भेटीत बोलू’ या तीन शब्दांपाशी संपतात. पोस्टकार्डाचंही तेच. १८७९ साली ते पाव आण्याला निघालं आणि सगळा देश उघड्यावर लिहू लागला. कार्ड वाटेत कुणीही वाचतो हे ठाऊक असल्याने ‘ती गोष्ट’, ‘तिकडील मंडळी’, ‘मागे लिहिल्याप्रमाणे’ अशी एक आडवळणाची भाषा तयार झाली. घराबाहेरच्याला तिचा पत्ता लागत नाही, आणि तीन पिढ्यांनंतर आपण सगळेच घराबाहेरचे असतो. शिवाय मयताचं कार्ड घरात ठेवायचं नाही, वाचून लगेच फाडायचं, असा रिवाज. त्यामुळे तारेवर बारशी आहेत, मुंजी आहेत, लग्नं आहेत. मरण नाही. आत्याच्या मरणाचं कार्ड नसण्याचं आम्हाला कधी आश्चर्य वाटलं नाही ते यामुळेच.

हे सगळं छापावं का, याचा वाद दोन दिवाळ्या चालला. एका वडीलधाऱ्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं आहे. कायद्याने पाहिलं तर कागद ज्याच्या हातात तो कागदाचा मालक, मजकुराचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. आत्याचे वारस असतील तर त्यांची परवानगी मी घेऊ शकलेलो नाही, कारण ते कोण हेच मला माहीत नाही. म्हणून या पुस्तकात तिचं नाव नाही, दोन्ही आडनावं नाहीत, गावाचं नाव नाही. कुणाला हा भित्रेपणा वाटेल. तिचं नाव एकदा तिला न विचारता मेलेल्यांच्या यादीत घातलं गेलं. आता तिला न विचारता पुस्तकावर घालणं मला जमलं नाही.

ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी घाई करू नये एवढंच सांगतो. तारेवरून, रुमालातून, पंचांगातून काढण्याआधी क्रम लिहून ठेवा. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, कारण पाठकोऱ्या बाजूला कुणीतरी हिशेब मांडलेला असतो आणि तो पत्रापेक्षा खरा असतो. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. आणि पाकिटावरची तिकिटं कापू नका. चौथीत असताना माळ्यावरच्या पाकिटांवरची पंचम जॉर्जची सगळी तिकिटं मी माझ्या अल्बमसाठी कापली. तिकिटाबरोबर टपालाचा शिक्का गेला, शिक्क्याबरोबर गाव आणि तारीख. तो अल्बमही पुढे कुठल्याशा बदलीत हरवला.

कुपनांवरचे शिक्के तेवढे वाचले, कारण तिथे कापायला तिकीट नव्हतं. ते पुसट आहेत. भिंगाखाली गावाच्या नावाची शेवटची अक्षरं ‘नेर’ अशी लागतात. अमळनेर, जामनेर, पिंपळनेर, संगमनेर, पारनेर. तीन कुपनांत कापसाच्या हंगामाचा उल्लेख आहे, त्यावरून मी खानदेश धरून चाललो आहे. नोकरी बहुधा शाळेतली असावी, कारण मे महिन्याची कुपनं नेहमी दुसऱ्या शिक्क्याची आहेत. १९३३च्या ऑक्टोबरनंतर कुपन नाही.

मनिऑर्डरची पोच पाठवणाऱ्याकडे जायची हे वर सांगितलंच. तेव्हा आमच्या पणजोबांच्या सहीच्या किमान सत्त्याऐंशी पोचा तिच्याकडे गेल्या. सही मोडीत आहे, ‘दस्तुर खुद्द’ असं लिहून खाली दोन तिरक्या रेघा. खानदेशातल्या कुणाच्या आजीच्या ट्रंकेत, एखाद्या जुन्या शिक्षिकेच्या कागदांत असा गठ्ठा असेल, तर प्रकाशकांच्या पत्त्यावर एक कार्ड टाकावं.